भागाबाईचा इंग्रजी अर्ज

आमचं गाव साक्रीपासून नऊ किलोमीटर आत आहे. गावात आता सहा ट्रॅक्टर आहेत आणि बैलजोड्या फक्त तीन. दोरखंड लागला तर लोक साक्रीच्या बाजारातून नायलॉनचा आणतात. तरीही दर पावसाळ्यात भागाबाई आपल्या मक्याच्या कडेनं अंबाडीच्या चार ओळी पेरते. कोवळी असताना तिची भाजी गावभर वाटते. दसरा झाला की उभी अंबाडी कापते, पेंढ्या बांधते, पाण्यात कुजत घालते, साल सोलून वाख, म्हणजे धागा, काढते आणि त्याचे दोर वळते. वय ऐंशीच्या पुढेमागे असेल. तिला नक्की माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही.

हे दोर बैलांसाठी नसतात. गावात मूल जन्मलं की पाळण्याचा दोर भागाबाईच्या हातचा, अशी आमच्याकडची रीत आहे. रीत कधीपासूनची, असं विचारलं तर ती म्हणते, "त्या व्हतात तवपासून." त्या म्हणजे तिचे यजमान, कै. चुडामण. त्यांचं नाव ती घेत नाही. दोराच्या बदल्यात ती बारशाच्या घुगऱ्या पदरात घेते, एवढंच.

या रितीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोर आढ्याला बांधला की मुलाला लगेच पाळण्यात घालत नाहीत. आधी घरातला सगळ्यात वजनदार माणूस दोराला लटकतो. पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत. दोर टिकला, तरच मूल. आमच्या नातवाच्या वेळी हा मान पुष्पाबाईंना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना मिळाला होता. त्याबद्दल मी आजही काही बोलत नाही.

गेल्या वर्षी भागाबाईची नात सुलक्षणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आजवर गावातल्या शंभरेक पोरांसाठी दोर वळणारी ही बाई प्रथमच पणतवंडासाठी वळणार होती. तिनं अंबाडीच्या चारऐवजी सहा ओळी पेरल्या. आणि नेमकी त्याच वर्षी अडचण आली.

अंबाडी कुजत घालायची जागा म्हणजे गावाच्या नाल्यातला एक डोह. त्या डोहाच्या खालच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा बंधारा झाला. पूर्वी नाला वाहता असे, वास आणि काळं पाणी निघून जाई. आता पाणी साचून राहतं. मागच्या खेपेला मासे उलटे झाले, म्हशी पाण्याला तोंड लावेनात आणि बंधाऱ्याजवळच्या विहिरीलाही वास आला. म्हणून ग्रामपंचायतीनं ठराव केला, की बंधाऱ्याच्या पाण्यात कोणी काहीही भिजत घालू नये. ठराव मांडणारा उपसरपंच नवल, भागाबाईचा सख्खा पुतण्या. सात म्हशी त्याच्याच.

अंबाडी तर कापून झाली होती. कापलेली अंबाडी फार दिवस कोरडी पडली तर साल काडीला धरते आणि मग ती चुलीतच घालायची. भागाबाई एके सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"मास्तर, अर्ज लिखी द्या. इंग्रजीमा."

मी धुळ्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन गावी आलो, त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत इंग्रजीचं काम घेऊन आलेली ही दुसरीच व्यक्ती. पहिला औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायला आला होता.

"अक्का, ग्रामपंचायतीला मराठीत लिहिलं तरी चालतं," मी म्हणालो.

"मराठी अर्ज नवल वाची लेस आनि घडी करीसन खिसामा ठेवस. इंग्रजी त्याले वाचता येत नही. मंग भेव वाटी."

पुष्पाबाई आतून म्हणाल्या, "द्या हो लिहून. तेवढीच तुमची वही उघडेल."

आता अर्ज लिहायचा म्हणजे 'अंबाडी कुजत घालणे' याला इंग्रजीत काय म्हणतात, ते आधी हवं. मला येईना. चौतीस वर्षं शिकवून येईना, याची थोडी लाज वाटली. निरोप समारंभात शाळेनं मला दोन खंडांचा जाडजूड शब्दकोश दिला होता. तो काढला. आधी 'कुजणे' पाहिलं, मग 'भिजवणे', मग 'वाख'. असं एकाकडून दुसऱ्याकडे फिरत दुपारी तो शब्द सापडला. फक्त तीन अक्षरांचं क्रियापद, 'रेट'. भाव विचारतो तो रेट नव्हे, हा वेगळा. अर्थ असा दिला होता: झाडाची साल काडीपासून सुटावी आणि तिचे धागे मोकळे व्हावेत, म्हणून पेंढ्या पाण्यात किंवा दवात ठेवणे. म्हणजे भागाबाई दरवर्षी दसऱ्यानंतर जे करते, तेच आणि तेवढंच. दुसऱ्या कशालाही तो शब्द चालत नाही. फक्त खाली बारीक अक्षरांत आणखी एक उपयोग होता: ओल लागून गवत नासणे.

मला फार आनंद झाला. कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून पुष्पाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सापडला ना? मग आता जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी बसनं धुळ्याला गेलो. तिथल्या वाचनालयात जुन्या इंग्रजी ग्रंथांचं एक कपाट आहे. ते सहसा कोणी उघडत नाही. मी उघडायला सांगितलं तेव्हा तिथल्या बाईंनी किल्ली शोधायला अर्धा तास घेतला. त्या कपाटात मला बरंच मिळालं. हा शब्द पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात सापडतो आणि तो समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांकडून इंग्रजीत आला असावा. सडणे या अर्थाच्या त्यांच्या शब्दाचा तो नातेवाईक. आपण जवसाचं तेल काढतो. इंग्रज लोक जवसाच्या काड्या कुजवून धागा काढत, त्याचं तलम कापड विणत. ताग-सणासारख्या झाडाचे दोर करत, जहाजांची शिडं ओढायला. गावोगाव हे काम चाले. खेड्यातल्या बाया, पोरं, म्हातारे, सगळे त्यात. पुढे कापड आणि दोर दुसऱ्या मार्गानं मिळायला लागले, काम गेलं आणि मग शब्दही शब्दकोशात जाऊन बसला.

इथपर्यंत सगळं भागाबाईच्या बाजूचं होतं. पान उलटलं आणि माझी पंचाईत झाली. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या एका राजानं कायदा केला होता: जनावरं ज्या नदीवर, ओढ्यावर किंवा गावतळ्यावर पाणी पितात, तिथे असल्या पेंढ्या कोणी भिजत घालू नयेत. घातल्या तर दंड. नवलचा ठरावच म्हणा ना, फक्त त्यावर राजाची मोहोर.

बसमध्ये मी विचार करत आलो. अर्जात हे लिहावं की नाही? शेवटी नाही लिहिलं. एक पानाचा अर्ज केला. त्यात लिहिलं, की या कामाला इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे, ते शेकडो वर्षांपासून चालत आलं आहे, सबब अर्जदारास परवानगी मिळावी. खाली भागाबाईचा अंगठा घेतला.

पुष्पाबाईंना कायद्याचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. गप्प राहता येतं का, ते बघा."

ग्रामपंचायतीच्या सभेला भागाबाई मला बरोबर घेऊन गेली. पाच सदस्य होते, आणि खुर्च्याही पाचच. आम्ही बाकावर बसलो. नवलनं अर्ज हातात घेतला, वरून खाली पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली. नवल अंगानं भरलेला आणि मनानं मोकळा माणूस. इंग्रजीला तो अजिबात घाबरला नाही.

"सर, तुम्हीच वाचून सांगा. काकूनं काय म्हटलंय, ते काकूला तरी कळू द्या."

मी उभा राहून मराठीत सांगितलं. क्रियापदाचं ऐकून सदस्यांनी माना हलवल्या. भागाबाईनं पदर सावरला आणि नवलकडे पाहिलं.

नवल म्हणाला, "छान आहे. पण सर, ते लोक हे भिजवायचे कुठे? त्यांच्याकडे म्हशी नव्हत्या का?"

मी गप्प राहून पाहिलं. पुष्पाबाईंनी सांगितलं होतं, म्हणून खरंच प्रयत्न केला. पण वर्गात प्रश्न विचारला गेला की उत्तर द्यायचं, ही चौतीस वर्षांची सवय. मी राजाचा कायदा सांगून टाकला. दंडासकट.

सभा हसली. एक सदस्य म्हणाले, "म्हणजे सर, तुम्ही अर्ज काकूंचा आणला आणि साक्ष नवलची दिली."

भागाबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बाकाखालच्या चपलांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "मास्तर, राजानी बंदी कयी. मंग त्या लोकेसनी अंबाडी फेकी दिधी का?"

"नाही अक्का. त्यांनी नदीपासून लांब खड्डे खणले. त्यात पाणी भरून भिजवायचे. काही जण तर नुसतं गवतावर पसरून दवात ठेवायचे."

"आनि खड्डामानं पानी?"

"ते शेतात सोडायचे. खत म्हणून. गवत चांगलं येतं, असं लिहिलंय."

"हाई पह्यले सांगानं व्हतं," ती म्हणाली आणि माझ्यावरून नजर काढून नवलकडे वळली. "नवल, तुना खड्डा शे ना, खडक लागेल?"

नवलनं माळावर शेततळं खणायला घेतलं होतं. चार हातांवर खडक लागला आणि ते तसंच राहिलं. गेली तीन वर्षं गावात त्याला 'नवलचं तळं' म्हणत. ते कौतुकानं म्हणत नसत. नवलला हे नाव आवडत नसे. त्यानं डोकं खाजवलं.

"काकू, खड्डा घे. मन्ह्या विहीरनं पानीबी घे. पन वासनं पानी मन्ह्या कांदाले सोडानं. दुसऱ्याले नही."

असं ठरलं. अर्जावर काय शेरा मारला ते कोणी सांगितलं नाही. नवलनं त्याची घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी पेंढ्या खड्ड्यात गेल्या. वर पळसाची पानं, त्यावर दगड. मी एक पेंढी मागून घेतली आणि दवाचा प्रयोग करायला आमच्या गच्चीवर पसरली. दवात तीन-चार आठवडे लागतात, असं वाचलं होतं. पाचव्या दिवशी पुष्पाबाईंनी ती आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घातली. त्यांना वाटलं, सरपण वाळत टाकलंय. भागाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तरनी अंबाडी चुल्हामा कुजनी." पुढे महिनाभर गावात ते वाक्य चाललं.

त्याच पाचव्या दिवशी सुलक्षणाला मुलगी झाली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी. बाराव्या दिवशी बारसं. डोहात अंबाडीला बारा दिवस पुरत. इथे तेवढेच लागले, तर वाळवायला आणि वळायला भरपूर वेळ होता. म्हणून कोणी काळजी केली नाही.

पण दहा दिवस झाले तरी खड्ड्यातलं पाणी बदललं नाही. ना रंग, ना फेस, ना वास. विहिरीचं थंड पाणी, उघडा माळ, थंडी सुरू झालेली. भागाबाई रोज एक काडी काढून मोडून बघे. साल हलत नव्हती. बारशाला फक्त सहा दिवस उरले. सुलक्षणाच्या सासरचे लोक सुरतेहून येणार होते. तिचे वडील वना रावेरला केळीच्या ट्रकवर असतात, त्यांनीही सुट्टी काढली होती. सुलक्षणा म्हणाली, "आजी, या वेळी नायलॉनचा बांधू. तू पुढच्या वर्षी वळ."

 त्या दिवशी भागाबाई जेवली नाही, असं सुलक्षणानंच पुष्पाबाईंना सांगितलं.

मी पुन्हा शब्दकोश उघडला, धुळ्याहून उतरवून आणलेले कागद चाळले. किती दिवस लागतात, हे सगळीकडे वेगवेगळं होतं. पाणी थंड असेल तर काय करावं, हे कुठेच नव्हतं. तसं भागाबाईला सांगायला गेलो, तर ती डोक्यावर हंडा घेऊन नाल्याकडून येत होती. मागे नवल, त्याच्या दोन्ही हातांत कळश्या. उपसरपंच आपल्याच बंदीच्या डोहातून पाणी वाहत होते.

"त्यात घालायला बंदी आहे, सर. काढायला नाही," नवल म्हणाला.

"पण हे पाणी कशाला?"

भागाबाईनं हंडा खड्ड्यात रिकामा केला. "दूधले इरजन लागस. ह्या पानीलेबी लागस. त्या डोहमा चाळीस वरीसनी अंबाडी कुजेल शे."

मी घरी येऊन माझ्या कागदांवर पेन्सिलनं ते लिहून ठेवलं. छापील मजकुरात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. मी लहानपणापासून तो वास ओळखतो, पण चांगला कधी वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला. पाणी तांबूस झालं, वर बुडबुडे आले. गावातली माणसं मुद्दाम माळावर जाऊन नाक दाबून परत येत होती. बारशाला तीन दिवस राहिले.

"काढी ले आते, काकू," नवल म्हणाला. "दोर वळाले टाईम लागी."

भागाबाईनं एक काडी मोडून पाहिली. "नही. उद्या."

"उद्या कसाले? थोडी कच्ची ऱ्हायनी तर काय व्हस?"

"पोर नऊ महिना पोटमा ऱ्हास. तिले कोनी घाई करस का?"

"ती तर दहा दिन पह्यलेच उनी ना."

"म्हनीसनच देख, कितली बारीक शे."

नवल माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, तुमच्या पुस्तकात हिला काही उत्तर आहे का?"

नव्हतं. पण शब्दकोशातला तो दुसरा, बारीक अक्षरांतला अर्थ मला आठवला. एकच क्रियापद, वेळेवर थांबलं तर धागा, एक दिवस जास्त झाला तर नासाडी. तो एक दिवस कुठला, हे मात्र पुस्तकात नसतं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर भागाबाई म्हणाली असती, त्यात नवीन काय सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काडी मोडली, बुडख्याकडून साल धरली आणि ओढली. कात टाकून साप निघावा तशी पांढरी काडी सालीतून सरळ बाहेर आली. "काढा," ती म्हणाली.

मग घाई झाली. नवलनं गुडघाभर पाण्यात उतरून पेंढ्या बाहेर दिल्या. त्यानंतर दोन दिवस त्याच्या बायकोनं त्याचं ताट अंगणात वाढलं. पुष्पाबाई आणि शेजारच्या चार बाया साल सोलायला बसल्या. वाख राखेच्या पाण्यानं धुतला, मग रिठ्याच्या पाण्यानं, मग पुन्हा साध्या. दिवसभर वाऱ्यावर वाळवला. बारशाच्या सकाळी भागाबाई ओट्यावर पाय पसरून बसली आणि पीळ घालायची लाकडी फिरकी तिच्या हातात गरगरू लागली. तीन पेडांचा दोर. मी एक टोक धरून उभा होतो. हात जरा सैल पडला की ती न बघता म्हणे, "मास्तर." एवढंच.

दुपारी सुरतेची मंडळी आली. सुलक्षणाच्या सासूबाईंनी दारातच नाकाला रुमाल लावला. "कसला वास येतो हो?"

पुष्पाबाई म्हणाल्या, "दोराचा. दोन दिवसांत जाईल. मुलीचं नाव आधी ठेवा, ते राहील."

दोर आढ्याला बांधला गेला. पिवळसर, चकचकीत, अजून थोडा ओलसर. पाळणा लावायच्या आधी रितीप्रमाणे वजनदार माणूस शोधायचा होता. शोधावं लागलं नाही. सगळ्यांनी नवलकडे पाहिलं. नवलनं सदरा खोचला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. आढं करकरलं. दोर नाही. सुरतेच्या सासूबाईंचा रुमाल खाली आला.

नवल पाय सोडणार, तेवढ्यात भागाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"थांब. आजून जरासा लटक. मना अर्ज मंजूर शे का नही, ते सांग. मंग उतर."

"काकू, हात दुखतस."

"मंजूर शे का?"

"शे. बठ्ठं मंजूर शे. खड्डा तुनाच. दर सालले."

"विहीरनं पानी?"

"तेबी."

भागाबाई माझ्याकडे वळली. "ऐका मास्तर, तुम्ही साक्षीदार शेतस." मग नवलला म्हणाली, "उतर आते."

नवल उतरला आणि हात चोळत माझ्याशेजारी बसला. त्यानं खिशातून घडी केलेला अर्ज काढला, माझं पेन मागितलं आणि मांडीवर ठेवून इंग्रजी मजकुराखाली मराठीत 'मंजूर' असं लिहिलं. सुलक्षणानं बाळाला पाळण्यात ठेवलं. बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. भागाबाई पहिला झोका देऊन बाजूला झाली आणि घुगऱ्यांसाठी पदर पसरून इतरांसारखी रांगेत उभी राहिली. घर तिचंच होतं, तरी.